पाळणाघरातून मूल आणताना विचारायचे दोन प्रश्न

संध्याकाळी सहाच्या सुमारास निगडी, चिखली किंवा भोसरीच्या एखाद्या गल्लीत थोडा वेळ उभे राहा. जनरल शिफ्ट सुटून आलेल्या आया पाळणाघराच्या दारात दिसतील. प्रत्येकीचे प्रश्न ठरलेले असतात. "त्रास नाही ना दिला?" आणि "डबा संपवला का?" मावशीही कौतुकाने सांगतात, "अहो, फार शहाणं आहे तुमचं बाळ. दिवसभर एका जागी बसून असतं." आई निश्चिंत मनाने घरी जाते.

डॉक्टरला मात्र हे उत्तर ऐकून काळजी वाटते. तीन वर्षांचे निरोगी मूल दिवसभर एका जागी बसत नाही. बसत असेल तर ते आजारी तरी असते किंवा त्याच्यासमोर टीव्ही नाही तर मोबाईल तरी चालू असतो.

काही दिवसांपूर्वी साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन एक जोडपे दवाखान्यात आले. वडील चाकणच्या कंपनीत तीन पाळ्यांत कामाला, आई तळवडे भागात पॅकिंगच्या कामावर. तक्रार नेहमीचीच : "काही खात नाही, अंगाला लागत नाही, टॉनिक लिहून द्या." गर्दीची वेळ होती. मी टॉनिक लिहून दिले. महिन्याने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी शौचाला खडा होतो म्हणून आणले, तेव्हा मी तिच्या डोळ्यांची खालची पापणी नीट ओढून पाहिली. ती पांढुरकी होती. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८.४ निघाले. या वयात ते किमान ११ हवे.

मग मी जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, तो विचारला : "सकाळपासून रात्रीपर्यंत ही काय काय खाते?" सकाळी चहा-बिस्कीट. डब्यात बिस्किटांचा पुडा, कारण पहाटे पोळी-भाजी व्हायला वेळ नसतो. दुपारी वरणभाताचे दोन घास. चार वाजता पुन्हा चहा-बिस्कीट. आई घ्यायला आली की दहा रुपयांचे वेफर्सचे पाकीट. रात्री जेवण नको, म्हणून दुधाची बाटली. आणि दिवसभर टीव्हीपुढे बसणे. अशा मुलीला भूक लागणार तरी कशी? चूक मुलीची नव्हती, टॉनिकचीही नव्हती. दोन वेळा न विचारता चिठ्ठी लिहिली, ती चूक माझी होती.

ही मुलगी एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांमागे सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. यात खाऊन-पिऊन सुखी घरांतली मुलेही आली.

वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. आपल्या भागात बीड, लातूर, जळगावकडून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. गावाहून ज्वारी, बाजरी, तूरडाळ, शेंगदाणे पोत्याने येतात. चाकणचा बाजार तर हाकेवर. घरात धान्याचा डबा भरलेला असतो आणि मूल मात्र मैदा-साखरेवर वाढत असते.

'अंगणवाडी' या शब्दातच अंगण आहे. बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवर बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तिथे स्वच्छता, खाऊ, गाणी आणि खेळ हाच अभ्यास होता. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. आहार आणि खेळ ही मूल सांभाळण्याची दोन चाके आहेत, हे आपल्याकडे जुनेच शहाणपण आहे. आपल्या खोल्यांच्या चाळीत अंगण तेवढे उरलेले नाही.

पाळणाघराच्या मावशींना दोष देऊन भागणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-नऊ मुले, खाली घरमालक आवाजाबद्दल कुरकुरतो, वर पालकांनीच बिस्किटांचा डबा दिलेला. त्यांनी टीव्ही लावला तर नवल काय? म्हणून पालक आणि मावशी, दोघांनी मिळून पुढील गोष्टी ठरवाव्यात.

आहार : १) पाच वर्षांपर्यंत चहा नकोच. चहामुळे अन्नातले लोह अंगात नीट शोषले जात नाही. २) डब्यात आदल्या रात्री तयारी करता येईल असे पदार्थ द्या : मोडाच्या मुगाची मऊ उसळ, भाजी घालून केलेले थालीपीठ किंवा धिरडे, डाळ-तांदळाची खिचडी, नाचणीची पेज, चालत असेल तर उकडलेले अंडे. वर लिंबू पिळावे, त्याने लोह शोषायला मदत होते. ३) मधल्या वेळी केळे, पपई, पिकलेला पेरू बिया काढून. ४) अख्खे शेंगदाणे, फुटाणे लहान मुलांना देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्यावे. ५) दूध दिवसाला दोन कप पुरे, आणि बाटलीने नव्हे. दुधानेच पोट भरले तर जेवणाला जागा राहत नाही. ६) गुळाने रक्त वाढते हा समज सोडा. गूळही शेवटी साखरच.

आणखी एक. काय, केव्हा आणि कुठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे हे मुलाला ठरवू द्यावे. मागे ताट घेऊन धावणे, मोबाईल दाखवून घास कोंबणे, "संपवलंस तर चॉकलेट" अशी लाच देणे, याने अन्नाची नावड वाढते. नवी भाजी एकदा थुंकली म्हणून सोडू नका. आठ-दहा वेळा थोडीथोडी पुढे ठेवा.

खेळ : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी. त्यातला निदान एक तास धाप लागेल, घाम येईल असा खेळ हवा. दोन वर्षांखालील मुलांना टीव्ही-मोबाईल नकोच, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको. खोली लहान असली तरी बेडूकउड्या, आगगाडी, टाळ्यांच्या तालावर नाच, कापडी चेंडू टोपलीत टाकणे, हे सारे होते. उन्हे चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर अर्धा तास गच्चीवर, सोसायटीच्या आवारात किंवा जवळच्या उद्यानात न्यावे. मात्र गच्चीला कठडा हवा आणि सोबत मोठे माणूस हवे. दमलेल्या मुलाला भूक लागते आणि झोपही गाढ येते. टॉनिकच्या कोणत्याही बाटलीत हा गुण नाही.

मूल फिके दिसत असेल, माती-खडू खात असेल, लवकर दमत असेल किंवा वजन वाढत नसेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. रक्त कमी असेल तर लोहाचे औषध सांगितले तितके महिने द्यावेच लागते. केवळ आहाराने ती तूट लवकर भरून निघत नाही.

त्या मुलीला लोहाचे आणि जंतांचे औषध दिले. आईने चहा व बाटली बंद केली. मावशींनी दुपारचा टीव्ही बंद करून संध्याकाळी मुलांना गच्चीवर न्यायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.१ झाले. आई म्हणाली, "डॉक्टर, आता ती फार दंगा करते हो." मी म्हटले, "ताई, त्यासाठीच तर औषध दिलं होतं."

तेव्हा पालकहो, उद्या पाळणाघराच्या दारात प्रश्न बदला. "त्रास दिला का?" असे विचारू नका. "आज काय खाल्लं?" आणि "आज किती खेळला?" एवढेच विचारा.