जीप घसरली तेव्हा डिफरन्शियल कळलं

डिफरन्शियलची आकृती आपण सगळ्यांनीच सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या शीटवरून उतरवलेली असते. मीही उतरवली. पण ती कळली मामाच्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपमुळे, आणि तेही जरा महागातच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या वाडीकडे जाताना उतारावर मागचं डावं चाक पंक्चर झालं. गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये, पहिला गिअर टाकलेला, हँडब्रेक कचकचून ओढलेला. मी जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटलं आणि गाडी चालू लागली! उचललेलं चाक मात्र उलटं फिरत होतं. जॅक आडवा झाला, ब्रेकचा ड्रम दगडावर आपटला. माझा हात एक क्षण आधीच बाहेर आला होता म्हणून हा लेख मी दोन्ही हातांनी लिहितोय.

झालं काय? बऱ्याच जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतोच. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, प्रोपेलर शाफ्टवर असतो. गिअरसुद्धा तोच शाफ्ट धरतो. शाफ्ट थांबला, पण डिफरन्शियलमुळे एक चाक पुढे आणि दुसरं तेवढंच मागे फिरू शकतं. दोन्ही चाकं जमिनीवर असताना तसं होत नाही. एक उचललं की वाट मोकळी. फोर-व्हील टाकलेलं असतं (आणि पुढचे हब लॉक असते) तर पुढच्या चाकांनी गाडी धरली असती. तरीसुद्धा जॅकआधी चाकांना दगड हवेतच. मेस्त्री नंतर म्हणाले, "इंजिनेर, आधी दगड, मग जॅक." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ट्रान्सफर केसच्या लिव्हरला न्यूट्रलही असतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. तिथे लिव्हर अडकला तर गिअरबॉक्स आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. मग गाडी गिअरमध्ये उभी केलीय हे समाधान खोटं. म्हणून लो टाकताना गाडी पूर्ण थांबवा, पायब्रेक दाबून ठेवा, क्लच दाबून लिव्हर शेवटपर्यंत न्या, आणि क्लच हळू सोडून गाडी ओढते का ते बघूनच ब्रेक सोडा.

लो रेंजमध्ये अनेक गाड्यांत साधारण अडीचपट रिडक्शन मिळतं. चढाला ते लागतंच, पण मला विचाराल तर त्याचा खरा उपयोग उतारावर. लो, पहिला गिअर, क्लचवरचा पाय बाजूला. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. सुट्या खडीवर घाबरून ब्रेक दाबला तर चाकं लॉक होतात, स्टिअरिंग नावापुरतं उरतं. तेव्हा ब्रेक सोडायला धाडस लागतं खरं. क्लच दाबणं मात्र सर्वांत वाईट, कारण इंजिनची पकडच जाते. आणि हो, फोर-व्हीलने गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात.

आता थोडं गणित. व्हीलबेस २.४ मीटर, मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याची वळणत्रिज्या ६ मीटर धरा. पायथागोरसने पुढची त्रिज्या ६.४६ मीटर येते. काटकोनात वळताना मागचा अ‍ॅक्सल ९.४२ मीटर जातो, पुढचा १०.१५. फरक ७३ सेंटीमीटर, म्हणजे चाकाचा जवळजवळ एक तृतीयांश फेरा. सेंटर डिफरन्शियल नसलेल्या गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधलेले असतात. चिखलात चाक घसरून हा हिशोब मिटवतं. कोरड्या डांबरावर तो पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो, लिव्हर निघता निघत नाही. मग लोक लिव्हरवर हातोडी चालवतात! सरळ रेषेत थोडं मागे घ्या, बहुतेक वेळा सुटतो.

ओढ्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक ओले असतात, पहिल्या दाबाला धरत नाहीत. हळू चालवत पेडल हलकं दाबून ते वाळवायचे, मगच घाट उतरायचा.

मामाच्या सीटखाली आता बाभळीच्या लाकडाचे दोन पाचर असतात. तासून मीच दिलेत, वर्कशॉपच्या तासाला. सरांना सांगू नका.