पटकी आणि पेशींमधील निरोप

मनुष्यशरीरातील असंख्य पेशी एकमेकींशी सतत दळणवळण ठेवून असतात. त्यांचे निरोप रासायनिक द्रव्यांच्या द्वारा पोचविले जातात. पेशीच्या आवरणावरील ग्राहक-प्रथिनास निरोप मिळाला, की आतील ‘जी-प्रथिन’ जागृत होते व ठरलेले कार्य सुरू करविते. कार्य सुरू करणे जितके आवश्यक, तितकेच ते वेळीच थांबविणेही आवश्यक होय. म्हणून जी-प्रथिन थोड्याच वेळात आपोआप निष्क्रिय होते. हा विराम नाहीसा झाला असता काय अनर्थ ओढवतो, हे पटकी अथवा कॉलरा या रोगात स्पष्ट दिसते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीच्या जंतूंचा अभ्यास केला. परंतु हे जंतू आतड्याच्या पेशींत शिरत नाहीत. मग ते प्राण कसा घेतात? १९५९ साली कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी या प्रश्नाचा उलगडा केला. जंतू वाढविलेला द्रव गाळून, त्यातील जंतू वगळून, त्यांनी तो सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात घातला. तो भाग पाण्याने फुगला. अपाय जंतूंच्या विषामुळे होतो, हे यावरून सिद्ध झाले.

हे विष पेशीत शिरून जी-प्रथिनास असा एक रासायनिक अंश चिकटविते, की त्याला पुन्हा निष्क्रिय होताच येत नाही. परिणामी पेशीत ‘चक्रीय एएमपी’ हे द्रव्य साठत जाते, क्लोराइड बाहेर पडू लागते आणि त्यामागोमाग सोडियम व पाणीही आतड्यात ओतले जाते. तीव्र विकारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाते. पेशी मरत नाही. खोटा निरोप खरा मानून ती राबत राहते.

सुदैवाने याच पेशींत शोषणाचा एक निराळा मार्ग असतो. तेथे ग्लुकोज व सोडियम जोडीने आत घेतले जातात व त्यांच्याबरोबर पाणीही येते. विषाने हा मार्ग बंद पडत नाही. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत शिरेतून देण्याचा द्रव अपुरा पडला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रोग्यांना साखर-मिठाचे द्रावण तोंडाने पाजविले. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले. अत्यवस्थ रोग्यास मात्र शिरेतून द्रव द्यावाच लागतो.

आतड्याच्या आवरणातील पेशी थोड्याच दिवसांत झडून त्यांच्या जागी नव्या येतात. त्या नव्या पेशी खरा निरोप ओळखतात. तोवर रोग्याच्या शरीरातील पाणी टिकवून धरणे, हाच पटकीवरील उपचाराचा गाभा होय.