स्तोत्राची दुसरी ओळ



मिस्सामध्ये प्रतिसाद स्तोत्र ऐकताना कधी कधी मनात येते, एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची? घरच्या प्रार्थनेत तर दुसरी ओळ आपण घाईने उरकून टाकतो. पण स्तोत्राचे मर्म पुष्कळदा त्या दुसऱ्या ओळीतच असते.

आपल्या ओवीत शब्दाला शब्दाचे यमक जुळते. जात्यावर आपल्या आज्या ओव्याच म्हणत. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ही ओवीतच आहे. हिब्रू स्तोत्रांत मात्र अर्थाला अर्थ जुळतो. ह्याला समांतर रचना म्हणतात. भाषांतरात यमक हरवते, अर्थाची जोडी हरवत नाही. म्हणूनच यरुशलेमच्या मंदिरातील स्तोत्र रत्नागिरीत मराठीतूनही स्तोत्रच राहते.

रॉबर्ट लौथ ह्या अभ्यासकाने १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत ह्या रचनेचे तीन प्रकार सांगितले.

१) समानार्थी : दुसरी ओळ पहिलीचाच अर्थ दृढ करते. स्तोत्र ५१ मध्ये पापी माणूस आधी धुऊन काढण्याची, मग शुद्ध करण्याची विनवणी करतो.

२) विरोधी : स्तोत्र १ च्या शेवटी नीतिमानाची वाट देवाच्या नजरेत राहते, दुर्जनाची वाट नाश पावते. पवित्र मरियेच्या स्तोत्रातही (लूक १:४६-५५) बलवान खाली येतात, दीन वर उचलले जातात.

३) पूरक : पुढची ओळ मागच्या ओळीत भर घालते.

स्तोत्र १०३ मधील ११ ते १३ ही वचने पाहा. देवाची दया आकाशाइतकी उंच आहे. त्याने आपली पापे पूर्वेपासून पश्चिम जितकी दूर, तितकी दूर केली आहेत. आपल्याकडे सूर्य सह्याद्रीमागून उगवतो नि समुद्रात मावळतो; ती दोन टोके कधी भेटतात का? पण स्तोत्रकार तेथेही थांबत नाही. बाप लेकरांवर माया करतो तसा देव करतो, असे तो म्हणतो. आकाश आणि दिशा मोजून झाल्यावर तो आपल्याला घरी आणतो.

पापनिवेदन करूनही ज्याच्या मनावरचे ओझे उतरत नाही, त्याने पहिल्याच वचनावर थांबू नये. तिसऱ्यापर्यंत यावे.

वाचकांनी दोन ओळींमध्ये एक श्वास थांबावे. आणि आज रात्री कुटुंबप्रार्थनेत एकाने पहिली ओळ म्हणावी, इतरांनी दुसरी.