डिझेलचा नीरक्षीरविवेक



दूध आणि पाणी एकत्र करून हंसापुढे ठेवले, तर तो दूध तेवढे घेतो आणि पाणी मागे ठेवतो, असे संस्कृत कवी पूर्वापार सांगत आले. त्यावरूनच ‘नीरक्षीरविवेक’ हा शब्द आपल्या भाषेत रूढ झाला. पक्षिशास्त्र हंसाच्या या गुणाची ग्वाही देत नाही. परंतु बाघ नदी ओलांडून बालाघाटहून गोंदियाकडे जाणाऱ्या बहुतेक मालमोटारींत असे काम करणारे एक लहानसे पात्र खरोखरच बसविलेले असते. चालकमंडळी त्याला ‘वॉटर सेपरेटर’ म्हणतात. धान, तांदूळ, बांबू आणि मँगनीज यांची वाहतूक हा आपल्या भागातील अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार आहे. म्हणून या पात्राची ओळख करून घेणे आपणा सर्वांस उपयोगाचे ठरेल.

पाणी येते कोठून?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1892 साली आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1897 साली आउग्सबुर्ग येथे ते यशस्वी रीतीने चालवून दाखविले. या इंजिनात ठिणगी लागत नाही. हवा दाबून अतिशय तापवितात व तीत तेलाचा सूक्ष्म फवारा सोडतात. तो आपोआप पेट घेतो. पुण्यात 1946 साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या इंजिनांनी हेच तत्त्व शेतातील विहिरीपर्यंत पोहोचविले. अर्थात या साऱ्या खटाटोपाचा प्राण म्हणजे तो स्वच्छ फवारा होय.

आता पाणी डिझेलमध्ये शिरते कसे, ते पाहू. गार पाण्याचा तांब्या ओसरीवर ठेवला, की त्याला बाहेरून घाम येतो. तोच प्रकार मोटारीच्या टाकीत आतून घडतो. दिवसभर गाडी चालून टाकी तापते. रात्री ती निवते, आतील हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. त्या हवेतील बाष्प थंड पत्र्यावर थेंबरूपाने जमते व ओघळून तळाशी जाते. टाकी जितकी रिकामी, तितकी तिच्यात हवा अधिक, आणि म्हणून पाणीही अधिक. याखेरीज झाकणाची रबरी चकती झिजली, तर पावसाचे पाणी आत जाते. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या माथ्यावर साचलेले पाणीदेखील पीप निवताना बुचाच्या फटीतून आत शोषले जाते.

1 एप्रिल 2020 पासून आपल्या देशात सर्वत्र भारत स्टेज सहा प्रतीचे डिझेल मिळते. त्याच्या एका किलोग्रॅममध्ये 200 मिलिग्रॅमपेक्षा जास्त पाणी असता कामा नये, असा दंडक आहे. थोडे गणित करा. दोनशे लिटर डिझेलचे वजन सुमारे 166 किलोग्रॅम भरते. त्यात या मर्यादेनुसार फार तर 33 ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी असू शकते. त्यातील काही भाग डिझेलात विरघळलेला असतो. तो दिसत नाही व सहसा उपद्रवही करीत नाही. खरा धोका आहे तो मागाहून शिरून तळाशी वेगळ्या राहिलेल्या पाण्याचा.

थोड्या पाण्याने एवढे काय बिघडते?

फवारा मारणाऱ्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये पोलादी भाग एकमेकांत इतके घट्ट बसविलेले असतात, की त्यांमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या दोन-चार पट एवढीच असते. त्या भागांना वेगळे वंगण मिळत नाही; डिझेल हेच त्यांचे वंगण. डिझेलच्या जागी पाणी आले, की पोलादावर पोलाद घासते व गंज चढतो. इंजेक्टरच्या टोकाशी पोहोचलेल्या थेंबाची तेथील उष्णतेने एकाएकी वाफ होते, आणि तिच्या धक्क्याने ते नाजूक टोक फुटूही शकते. नव्या गाड्यांत डिझेलवरील दाब हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट असतो. त्यामुळे त्यांना पाणी अधिकच बाधते. शिवाय पाणी आणि डिझेल जेथे भेटतात, त्या सीमेवर बुरशी व सूक्ष्मजंतू वाढतात. त्यांची शेवाळासारखी लिबलिबीत साय फिल्टर बुजवून टाकते.

भरलेली गाडी चढावर एकाएकी बंद पडली, म्हणजे केवळ खोळंबा होतो असे नाही. इंजिनाबरोबर सुकाणूला मिळणारे साहाय्य जाते आणि ब्रेकसाठी हवा भरणारा पंपही थांबतो. चालकाच्या व रस्त्यावरील इतरांच्या जिवाशी ज्याचा संबंध आहे, ते काम क्षुल्लक कसे म्हणावे?

हे पात्र काम कसे करते?

एका काचेच्या बाटलीत थोडे जवसाचे तेल व थोडे पाणी घालून ती खूप हलवा आणि ठेवून द्या. मोठे थेंब झटकन खाली बसतील; बारीक थेंब मात्र कितीतरी वेळ तरंगत राहतील. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर तो चौपट वेगाने खाली उतरतो, असा नियम स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1851 साली मांडला. डिझेल पाण्याहून हलके असल्यामुळे तेथेही हेच घडते. (हा प्रयोग खाण्याच्या तेलानेच करावा, डिझेल घेऊन मुळीच करू नये.)

बहुतेक गाड्यांत वॉटर सेपरेटर टाकी आणि ओढ-पंप यांच्यामध्ये बसवितात, कारण पंपात घुसळले गेल्यावर थेंब बारीक होतात व निवडणे कठीण जाते. अरुंद नळीतून आलेले डिझेल रुंद पात्रात शिरताच मंदावते व वळण घेते. जड थेंब खाली पडतात. उरलेले बारीक थेंब फिल्टरच्या कागदापाशी अडतात. त्या कागदावर पाणी धरू न देणारा लेप असतो. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, तसेच हे. थेंबाला थेंब मिळून मोठा झाला, की तोही तळाच्या वाटीत उतरतो. अनेक गाड्यांत वाटीमध्ये दोन धातूची टोके बसविलेली असतात. पाणी वीज वाहू देते, डिझेल देत नाही. म्हणून पाणी त्या टोकांपर्यंत चढले, की चालकासमोर दिवा लागतो.

येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. हे पात्र पाणी निवडते, परंतु बाहेर टाकीत नाही. वाटी भरली आणि कोणी ती रिकामी केली नाही, तर निवडलेले पाणी पुन्हा डिझेलबरोबर पुढे जाते.

निगा कशी राखावी?

रात्रभर पाणी तळाशी बसलेले असते, म्हणून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वीचा वेळ उत्तम. जवळपास विडी-काडी नसावी. वाटीखाली काचेची बरणी धरून तळाची तोटी सैल करावी. धार आली नाही, तर वरचा हवेचा स्क्रू किंचित ढिला करावा. बरणीत खाली पाणी आणि वर डिझेल असे दोन थर स्पष्ट दिसतात. निव्वळ डिझेल येऊ लागले, की तोटी हातानेच बंद करावी. नंतर हातपंप दाबून आत शिरलेली हवा काढावी, स्क्रू आवळावा आणि इंजिन सुरू करून गळती नाही ना, हे पाहावे. चालू इंजिनावर तोटी उघडू नये; हवा आत ओढली जाते व इंजिन बंद पडते.

काढलेले पाणी नाल्यात वा विहिरीजवळ ओतू नये. जळक्या तेलाच्या पिंपात साठवावे. फिल्टर कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या मुदतीस बदलावा. नव्या रबरी कड्याला स्वच्छ डिझेलचे बोट लावावे. पावसाळ्यात वाटी अधिक वेळा पाहावी, आणि शक्य तर टाकी सकाळी भरण्याऐवजी संध्याकाळी परत आल्यावर भरावी. एकाच दिवसात वाटी पुन्हा पुन्हा भरू लागली, तर गाडी तशीच पुढे न दामटता मिस्त्रीकडून टाकीचा तळ साफ करून घ्यावा.

माझी मातृभाषा कोकणी. तीत पाण्याला ‘उदक’ म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्यांची डिझेल इंजिनेही याच उदकाला भितात. समुद्र असो की बाघ नदीचा काठ, नियम एकच. वाटी रिकामी करण्यास पाच-दहा मिनिटे लागतात. आज घरी गेल्यावर आपल्या वडिलांना, काकांना वा शेजारच्या क्लीनरदादांना आदराने एवढेच विचारा, “आज वाटीतले पाणी काढले का?”