मोटार दोन इंच उंच केली तर?

माझ्या एका मावसभावाजवळ जुनी मारुती ८०० आहे. हा भाऊ राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. वाडीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. घरची पाच माणसे गाडीत बसली की तिचे पोट त्यावर खर्रकन घासते. मिस्त्री त्याला म्हणाला, "साहेब, स्प्रिंगांवर ठोकळे बसवतो. गाडी दोन इंच वर!" काम स्वस्तातले होते. भावाने मला विचारले, "करून घेऊ का रे?" तोंडावर आलेले उत्तर मी गिळले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुम्हीही माझ्याबरोबर बसा.

प्रथम गाडी घासते का, ते पाहू. मारुती ८०० भारतात १९८३ साली आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. रिकाम्या गाडीचे वजन सुमारे ६५० किलोग्रॅम, आणि पोट जमिनीपासून सुमारे १७ सेंमी उंच. तिच्यात साठ-साठ किलोची पाच माणसे बसली की ३०० किलोग्रॅमची भर पडते, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मी! ट्रक किंवा बस असती तर तिला पाच माणसांचे काहीच वाटले नसते. लहान गाडीचे दुखणे आहे ते इथे.

स्प्रिंग भाराच्या प्रमाणात दबते, हा नियम रॉबर्ट हुकने १६७८ साली प्रसिद्ध केला. समजा, मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर ९० किलोग्रॅम जादा भार आला आणि ती दर १८ किलोग्रॅमला एक सेंमी दबते. मग गाडी मागे ५ सेंमी खाली बसेल. म्हणजे मिस्त्री जे दोन इंच देणार, नेमके तेवढेच माणसे बसल्यावर जातात.

आता उंची वाढवण्याचे उपाय पाहू. एक उपाय मोठे टायर घालण्याचा. चाकाची त्रिज्या २५ सेंमीची २७ केली तर गाडी फक्त २ सेंमी उचलली जाते. वर वेगदर्शक खोटे बोलू लागतो. तो ५० दाखवत असताना गाडी ५४ ने धावत असते! हा उपाय सोडून देऊ.

दुसरा उपाय ताठ स्प्रिंगांचा. इथे एक गंमत आहे. भाराखाली स्प्रिंग जितकी दबलेली असते, तितक्याच लांबीच्या लंबकाला एका झोक्यास जो वेळ लागतो, तोच वेळ गाडीला एकदा खालीवर होण्यास लागतो. स्प्रिंग १० सेंमी दबली असेल तर हा वेळ ०.६३ सेकंद. दुप्पट ताठ स्प्रिंग घातली तर ती ५ सेंमीच दबेल. गाडी उंच राहील, पण झोक्याचा वेळ ०.४५ सेकंदांवर येईल. असे तुटक हिसके बसले की आजीची कंबर धरलीच म्हणून समजा.

तिसरा उपाय मिस्त्रीचा. ठोकळ्याने स्प्रिंगचा ताठपणा बदलत नाही, त्यामुळे हिसकेही वाढत नाहीत. "ठोकळे घातले की गाडी कडक होते" असे पुष्कळजण म्हणतात, ते खरे नव्हे. मात्र शॉक ॲब्सॉर्बरची लांबी होती तेवढीच राहते. गाडी वर उचलली की तो आधीच ताणलेला असतो. चाक खड्ड्यात उतरायला लागले की त्याची धाव लवकर संपते आणि ठण्‌ असा आवाज येतो. शिवाय या गाडीत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना जाते. इंजिन वर गेले, चाके जमिनीवरच राहिली, म्हणजे मधले दांडे अधिक तिरके फिरणार. त्यांचे सांधे आणि सांध्यांवरची रबरी टोपणे लवकर झिजणार.

इथवर प्रश्न खर्चाचा होता. पुढचा जिवाचा आहे.

एक खेळण्यातली मोटार फळीवर आडवी ठेवा. ती घसरू नये म्हणून खालच्या चाकांना एक पातळ पट्टी चिकटवा. मोटारीच्या तळाशी शाडूचा गोळा लावा आणि फळीची कड हळूहळू उचला. मोटार कुठे उलटते ते टिपून ठेवा. आता तोच गोळा टपावर लावून पुन्हा फळी उचला. या खेपेस मोटार किती लवकर उलटते, ते पाहा.

खऱ्या गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांत सुमारे १२० सेंमी अंतर असते, त्याचे निम्मे ६०. तिचा गुरुत्वमध्य ५० सेंमी उंचीवर आहे असे धरू. वळणावर तिला बाहेर लोटणारे बल वजनाच्या ६०/५०, म्हणजे १.२ पट झाले तरच ती उलटेल. पण कोरड्या रस्त्यावर टायरचे घर्षण वजनाच्या फार तर ०.८ पट बल पेलते. तेव्हा गाडी उलटण्याच्या आधी घसरते. घसरणेही वाईटच, पण त्यात सावरायला संधी असते.

गाडी ५ सेंमी उचलली की ६०/५५, म्हणजे १.०९. अजून ठीक आहे. आता टपावर कॅरिअर लावून आंब्याच्या पेट्या आणि तांदळाचे पोते चढवा. गुरुत्वमध्य ६५ सेंमीवर गेला असे समजा. गुणोत्तर ०.९२ झाले. त्यात ते ५ सेंमी मिळवले की ०.८६! ०.८ अगदी हाताशी आले. वळणावर गाडी स्प्रिंगांवर बाहेर कलते, ते तर आपण हिशेबात धरलेलेच नाही. घसरता घसरता चाक साइडपट्टीच्या मऊ मातीत रुतले की घर्षणाची मर्यादाही उरत नाही. आमच्या घाटातल्या वळणांना अशा साइडपट्ट्या भरपूर.

भावाला मी एवढेच सांगितले, "आधी मोजून बघ." आम्ही गाडी सपाट जागी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली. मागची उजवी बाजू डावीपेक्षा तीन सेंमी खाली निघाली! वर्षानुवर्षे ओझे वाहून स्प्रिंगा बसल्या होत्या. ठोकळ्यांऐवजी मागच्या दोन्ही स्प्रिंगा मूळ मापाच्या नव्या घातल्या. मिस्त्री थोडा खट्टू झाला, पण टेप त्यानेही धरली होती.

गाडी आता बहुतेक ठिकाणी घासत नाही. वाडीच्या तोंडाशी मात्र मागची दोन माणसे उतरतात आणि गतिरोधकापलीकडे पुन्हा बसतात. आजी तेवढी उतरत नाही.