गाडीचा पिवळा दिवा

गाडीची चावी फिरवली की इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. इंजिन सुरू झाले की तो विझतो. पण विझलाच नाही तर?

इंजिनाला पेट्रोल लागते, तशी हवा लागते. एक किलो पेट्रोलाला सुमारे १४.७ किलो हवा! पुष्कळ गाड्यांत ही हवा आत जाताना मोजली जाते. त्या मापाने पेट्रोल सुटते. पुढे रबरी नळीला चीर पडली, की न मोजलेली हवा आत शिरते. मग पेट्रोल कमी पडते. उभ्या गाडीचे इंजिन थरथरते, कधी सूं-सूं आवाज येतो. वेग दिला की बरे चालते. इथेच माणूस फसतो.

कुणी बॅटरीची तार काढून दिवा घालवतो. दुखणे राहिले, म्हणून दिवा परत येतो. मिस्तरी यंत्र लावून आकडा वाचतो. 'पी ०१७१' म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आम्ही म्हणू, एवढ्यावरून महागडा सेन्सर बदलू देऊ नका. आधी नळ्या पाहायला सांगा. नळ्यांत धूर सोडला तर चीर चटकन सापडते. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून मात्र शोधू नये, भडका उडतो. आणि दिवा लुकलुकू लागला तर गाडी बाजूला घेऊन थांबवावी.