घरगुती ससेपालन : आधी गिऱ्हाईक, मग पिंजरा

मटण महागल्यापासून घरच्या घरी ससे पाळावेत का, अशी विचारणा अनेक बांधव करतात. पाळता येतात, पण धंद्यात उतरण्यापूर्वी हिशेब मांडला पाहिजे.

प्रथम हलालचा प्रश्न. हनफी, शाफई, मालिकी व हंबली या चारही मसलकांत ससा हलाल आहे. शिया जाफरी फिकहात तो वर्ज्य आहे, हे गिऱ्हाईक जोडताना ध्यानात ठेवावे. जबिहा बकऱ्याप्रमाणेच करावा. रानसशाची शिकार मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पाळीव ससा ही वेगळी जात.

सुरुवात : न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला जातीचा १ नर व ३ माद्या पुरेत. प्रत्येकास अडीच फूट लांब, दोन फूट रुंद असा स्वतंत्र पिंजरा हवा. तळाला जाळी असावी, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि खरूज, हगवण हे रोग कमी होतात. हिरवा चारा सुकवून द्यावा. ओल्या पाल्याने पोट फुगते.

पैदास : मादी सहा महिन्यांची झाली की नराच्या पिंजऱ्यात न्यावी. नराला तिच्याकडे सोडल्यास ती चावते. सुमारे ३१ दिवसांनी ६ ते ८ पिल्ले होतात. २७ व्या दिवशी पेटीत वाळके गवत घालून ठेवावी. मादी आपली लव उपटून त्यात अंथरते. पिल्ले पाच-सहा आठवड्यांनी वेगळी करावीत. तीन महिन्यांत वजन दोन किलोच्या आसपास भरते.

उन्हाळा : सशाला घाम येत नाही. मालेगावसारख्या ठिकाणी पारा चाळिशीपार जातो; तेथे पत्र्याखाली ससे मरतात आणि नरही काही काळ निकामी होतो. सावली, वारा व ओले गोणपाट हवे. एप्रिल-मेमध्ये पैदास थांबवावी.

हिशेब : एका मादीपासून वर्षाला २५ पिल्ले जगली असे धरू. तीन माद्यांची ७५. साफ केल्यावर सशामागे साधारण एक किलो मांस, म्हणजे आठवड्याला जेमतेम दीड किलो! एक किलो वजन वाढायला साडेतीन-चार किलो कोरडे खाद्य लागते. आपल्या गावचा भाव घालून पाहावा. घरखर्चाला हातभार लागेल, पण एवढ्यावर घर चालणार नाही.

म्हणून "जनावरे आमच्याकडून घ्या, पिल्ले आम्हीच परत घेऊ" असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. २०१९ साली सांगली भागात कडकनाथ कोंबड्यांच्या अशाच योजनेत हजारो लोकांचे पैसे बुडाले. ज्याचा खरेदीदार एकटा विकणाराच, त्या मालाला बाजार नसतो. कापडाचा तागा घेताना आपण पुढचे गिऱ्हाईक पाहतो, तोच नियम येथेही लागू आहे. शेजारपाजारी व एखादा खानावळवाला असे दहा पक्के गिऱ्हाईक मिळाले, तरच चौथी मादी घ्यावी. विक्री सुरू करण्यापूर्वी नगरपालिका व अन्न सुरक्षा खात्याकडे परवान्याची चौकशी जरूर करावी.